बिडाचे यंत्र आणि हरळीची हिरवळ

धायरी गावात दाखविण्यासारखी हिरवळ नाही. सिंहगडाच्या वाटेने वडगाव मागे टाकून फाट्यावर डावीकडे वळले म्हणजे प्रथम भेटतात त्या सळया, सिमेंट आणि फरश्यांच्या वखारी, मग इमारतींची दाटी, आणि त्या दाटीच्या पलीकडे धारेश्वराचे जुने देवस्थान. ऑक्टोबर २०१७ मध्ये आसपासच्या आणखी दहा गावांबरोबर धायरी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. मळ्यांच्या जागी इमारती आल्या. पण निव्वळ पाहण्यासाठी राखलेले गवत या दोहोंमधल्या काळात येथे कधी अवतरले नाही. असे असूनही, हिरवळ कापण्याचे एखादे जुने, बिडाचे, दंडगोल पात्यांचे यंत्र कोणाच्या पदरी आले आणि ते पुन्हा चालते करावे अशी इच्छा त्याला झाली, तर मी त्याला धायरीचीच वाट दाखवीन.

कारण उघड आहे. धायरी आणि नऱ्हे यांच्या शिवेवर पत्र्याच्या गाळ्यांचा जो पट्टा पसरला आहे, त्यात एका गाळ्यात लेथ, शेजारी ग्राइंडर, पलीकडे वेल्डिंग, त्यापुढे पोलादाला पाणी देणारा, असे निरनिराळे कसबी हाकेच्या अंतरावर बसलेले असतात. एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या हाताची पारख असते, हे पाहून मोडून गेलेल्या बलुतेदारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मोठ्या कारखान्यांसाठी हजारांच्या हिशेबाने सुटे भाग करणाऱ्या या मंडळींना एकाच नगाचे काम परवडत नाही, हे खरे. पण संध्याकाळी पाळी संपताना जुने बीड समोर आणून ठेवले की त्यांच्यातील जाणत्याचा हात त्यावरून आपोआप फिरतो. ज्या चौदा इंची इंग्रजी यंत्राच्या निमित्ताने हा लेख लिहिला, त्याच्या बाजूच्या साच्यावर नखाने खरवडून एका वयस्क टर्नरने निकाल दिला तो असा : “साहेब, रंग गेलाय, माल गेला नाही. असं बीड आता कोण ओततंय?”

ही यंत्रे येतात कोठून, हेही सांगितले पाहिजे. डेक्कन जिमखाना, एरंडवणे, प्रभात रस्ता या भागांतील जुने बंगले एकामागून एक पाडले जात आहेत, आणि बंगला रिकामा करताना मागच्या पडवीतून किंवा मोटारखान्यातून जो अडगळीचा जिन्नस निघतो, त्यात पाणी तापविण्याचा बंब, वेताच्या खुर्च्या यांच्याबरोबर क्वचित एखादे गवत कापण्याचे यंत्रही असते. भंगारवाला ते वजनावर घेतो. नशीब बलवत्तर असेल तर ते भट्टीकडे न जाता मंगळवार पेठेच्या बाजूस बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात येऊन पडते; पाती गंजून एकजीव झालेली, लाकडी मुठी गळून गेलेल्या, आणि मागच्या रोलरमध्ये कोण जाणे किती पावसाळ्यांचा चिखल.

या यंत्राचे कुळ कापडाच्या गिरणीतले आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउडची दरी लोकरी बनातीसाठी प्रसिद्ध होती. बनात विणून, धुऊन, आटवून झाली म्हणजे तिच्यावरची लव काटेरी बोंडांनी उभी करीत आणि मग ती लव सर्वत्र सारखी छाटण्यासाठी मळसूत्री पात्यांचा फिरता दंड एका स्थिर पट्टीवरून नेत. थ्रप गावच्या एडविन बडिंग नावाच्या यंत्रज्ञाला सुचले ते एवढेच, की जे बनातीच्या लवेवर चालते ते जमिनीच्या लवेवर का चालू नये. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याने आपल्या यंत्राची सनद घेतली. जॉन फेराबी या ओतशाळेच्या मालकाशी भागीदारी करून त्याने जे पहिले यंत्र काढले ते एकोणीस इंच रुंदीचे, लोखंडी सांगाड्याचे. मागचा जड रोलर जमिनीवर फिरे, त्याची गती दातेरी चाकांनी वाढवून पात्यांच्या दंडाला दिली जाई आणि कापलेले गवत समोरच्या पेटीत उडे. सनदेच्या मसुद्यात बडिंगने असे सुचविले होते की, गावाकडच्या सद्‌गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालविणे हा मौजेचा, उपयुक्त आणि आरोग्यदायक व्यायाम वाटेल. ते यंत्र ढकलून ज्याची कंबर धरली असेल त्याने या वाक्याचा विचार स्वतंत्रपणे करावा.

त्यापूर्वी इंग्लंडातील हिरवळी पहाटेच्या दवात लांब दांड्याच्या कोयत्याने कापल्या जात आणि ते कसब थोड्यांनाच साधे. बडिंगच्या यंत्राने ते कसब लोखंडात उतरविले. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने ते करण्याचा परवाना घेतला. पुढे स्कॉटलंडातील शँक्सने तट्टू जुंपून ओढण्याचे मोठे यंत्र आणले. तट्टाच्या खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट घालीत. १८५९ मध्ये लीड्सच्या टॉमस ग्रीनने दातेरी चाकांऐवजी साखळी वापरून खडखडाट कमी केला, १९०२ मध्ये रॅन्सम्सनेच पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस काढले, आणि १९२१ मध्ये बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पग कंपनीने ॲटको या नावाने जे मोटारयंत्र काढले, त्यामुळे मध्यमवर्गीय इंग्रजाच्या अंगणातही इंजिनाचा आवाज शिरला. स्वतः बडिंग १८४६ मध्ये वारला. फिरत्या स्क्रूने जबडा कमीजास्त होणाऱ्या पान्याच्या घडणीतही त्याचा हात होता. तेव्हा त्याचे यंत्र खोलताना त्याचाच पाना हाती असतो असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे गवताची गोष्ट अगदी निराळी होती. पेशवाईच्या दप्तरांत गवत येते ते चाऱ्याच्या, कुरणांच्या आणि पागेच्या हिशेबात. गवत वाढवावे, कापावे आणि फेकून द्यावे, हा व्यवहार दुष्काळी देशातील माणसाला शुद्ध उधळपट्टीचा वाटला असल्यास नवल नाही. खडकीच्या लढाईनंतर पुण्यात लष्करी छावणी वसली, छावणीमागून जिमखाने, टेनिसची मैदाने आणि घोड्यांच्या शर्यती आल्या, आणि त्यांच्याबरोबर ही हिरवळ आली. ती साहेबांच्या पायाखाली असे, पण राखणारे हात येथलेच होते. पालवणकर बाळू यांची हकीकत या संदर्भात अवश्य सांगितली पाहिजे. १८७६ साली धारवाडास जन्मलेला, चर्मकार कुटुंबातील हा मुलगा पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-लोटण्याच्या कामास लागला. १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर गेला, आणि तेथे रोलर फिरविणे, खेळपट्टी आखणे, जाळी बांधणे ही कामे करता करता साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकू लागला. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदुस्थानातील पहिल्या थोर गोलंदाजाचे शिक्षण मैदान राखणाऱ्याच्या नोकरीत झाले, ही गोष्ट आपल्या क्रीडापंडितांनी सांगून झाली आहे. मैदानाच्या बाजूने मात्र ती कोणी सांगितलेली नाही. चेंडू टप्प्यावर काय करील हे ज्याने स्वतःच्या हाताने ती जमीन दाबली, झाडली आणि आखली, त्याच्याहून अधिक कोणाला कळणार होते?

मोठ्या मैदानांवर तट्टाची जागा हिंदुस्थानात बैलाने घेतली. बैल जुंपून ओढण्याची रुंद पात्यांची यंत्रे आपल्या देशात चांगली रुळली, इतकी की देशी कारखानदार ती अद्यापही करून विकतात. बैलाची चाल संथ असते आणि हे यंत्र संथ चालीलाच नीट कापते. त्यामुळे ही जोडी निव्वळ गरिबीची तडजोड होती असे समजण्याचे कारण नाही.

आता यंत्राच्या मर्माकडे वळू. रस्त्याकडेच्या दुभाजकावर जे फिरत्या पात्याचे गुरगुरणारे यंत्र आपण पाहतो, ते गवत कापीत नाही, फटकावते. एकच पाते प्रचंड वेगाने आडवे फिरते आणि तडाख्याने पाने तोडते. तुटलेली टोके चिंधाळतात आणि दोन दिवसांत हिरवळीवर पिवळट छटा येते. दंडगोल यंत्रात दोन धारा असतात. फिरत्या दंडावर पाच-सहा मळसूत्री पाती आणि त्यांच्याखाली जमिनीला समांतर बसविलेली एक स्थिर पट्टी. पाते गवताला ओढून पट्टीवर आणते आणि दोन धारांच्या चिमटीत ते गवत स्वच्छ छाटले जाते. पाती मळसूत्री का, तर संपूर्ण धार एकाच क्षणी पट्टीला भिडू नये म्हणून. कापण्याचा बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि एक पाते पट्टी सोडण्याच्या आत दुसरे तिला लागलेले असते, त्यामुळे हिसका बसत नाही आणि जोर थोडा लागतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्याच्या गोठ्यात ते कडबाकुट्टीच्या रूपाने उभे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून जी यंत्रे घडविली, त्यांत आरंभीचे एक यंत्र कडबा कापण्याचेच होते. लोखंडी नांगर १९०३ चा, आणि औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. कडबाकुट्टीतही फिरते पाते आणि स्थिर ओठ यांच्यात फट वाढली की ताटे कापली न जाता दुमडून अडकतात, हे गावातले पोरही सांगेल. स्ट्राउडच्या दरीत बनातीवरून जे ज्ञान आले, ते आपल्याकडे गुरांच्या दावणीवरून आले. म्हणूनच धायरीच्या गाळ्यातील माणूस जन्मात कधी हिरवळीवर चालला नसला तरी हे यंत्र पाहताच त्याचा दोष बरोबर ओळखतो.

दुरुस्तीची सुरुवात खोलण्याने होते आणि निम्म्या यंत्रांचा नाश येथेच होतो. पन्नास-साठ वर्षे गंजलेला स्क्रू जोराने फिरणार नाही, त्याचे डोके मात्र फिरेल. डिझेल किंवा गंज सैल करणारे तेल घालून यंत्र काही दिवस तसेच पडू द्यावे, मग हलक्या हातोडीचे ठोके द्यावेत, तेवढ्याने न भागल्यास ब्लोलॅम्पची धग द्यावी. आणि हे सारे करताना बीड हा धातू वाकत नसून तडकतो याचे भान क्षणभरही सोडू नये. स्थिर पट्टी धरून ठेवणारे चपट्या डोक्याचे स्क्रू सर्वांत हट्टी असतात. ते शेवटी ड्रिलने काढावे लागतात असे गृहीत धरूनच बसलेले बरे. भाग सुटतील तसे त्यांवर चिठ्ठ्या बांधाव्यात, कारण डाव्या व उजव्या बाजूचे रॅचेटचे तुकडे दिसायला सारखे असून त्यांची दिशा उलटी असते, आणि त्यांची अदलाबदल झाली की यंत्र ढकलावे तरी पाती जागची हलत नाहीत.

स्क्रूंची एक स्वतंत्र अडचण आहे. ही यंत्रे इंचांच्या राज्यातली. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, एप्रिल १९५७ मध्ये पैसे दशमान झाले, आणि त्यानंतर वाढलेल्या पिढीला व्हिटवर्थ आटे ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरविलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, आजच्या मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. त्यात फसगत अशी की पाव इंची बारीक इंग्रजी आट्याला इंचात २६ फेरे असतात आणि सहा मिलिमीटरच्या आजच्या बोल्टला जवळजवळ तितकेच, म्हणजे साडेपंचवीसच्या आत; त्यामुळे बाजारातला तो बोल्ट त्या छिद्रात डुगडुगत का होईना, जातो, काही काळ बसल्यासारखा वाटतो, आणि मग बिडातील आटे खाऊन बाहेर येतो. एकदा आटा गेला की छिद्र मोठे करून त्यात पोलादी बुश बसविण्यावाचून गत्यंतर नाही. रविवार पेठेतील बोहरी आळीत चिकाटीने विचारले तर इंची बोल्ट अजून निघतात; न निघाले तर धायरीच्या लेथवर करून घ्यावेत, पण मेट्रिकची सोयरीक करू नये.

गंजासाठी ॲसिडची घाई करण्यापेक्षा धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर हा उपाय सौम्य आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात सोड्याचे पाणी करून गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगार लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडून ठेवला असता गंज सैल होऊन गळतो व खालचे लोखंड खात नाही. पत्रा स्टेनलेस स्टीलचा मुळीच नसावा, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. साच्याला तडा असेल तर पितळी ब्रेझिंग करवून घ्यावे. आधी सर्व भाग सावकाश तापवून आणि नंतर तो राखेत पुरून तितक्याच सावकाश निववून. घाईने निवलेले बीड सांध्याच्या शेजारी पुन्हा तडकते. अनुभवी वेल्डर हे न सांगता करतो आणि नवखा सांगूनही करीत नाही.

दंडाच्या दोन्ही टोकांना बहुधा सायकलीच्या हबसारखे, वाटी आणि सुट्या गोळ्यांचे बेअरिंग असते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात पाव इंची गोळ्या अजून सायकलच्या दुकानात सहज मिळतात, आणि या संपूर्ण उद्योगात इतक्या स्वस्तात सुटणारी अडचण दुसरी नाही. वाट्या घासून खड्डे पडले असतील तर त्या टर्नरकडून पोलादाच्या नव्या करवून त्यांना पाणी द्यावे लागते.

मग येते मुख्य काम. वर्षानुवर्षे एका बाजूने अधिक घट्ट ठेवल्याने दंड बहुधा शंकूसारखा झिजलेला असतो. व्हर्नियरने दोन्ही टोकांचा व्यास मोजावा. फरक आढळला तर दंड लेथच्या दोन केंद्रांत धरून, टूलपोस्टवर लहान ग्राइंडर चढवून, सावकाश फिरवीत सर्व पात्यांची माथी एका रेषेत आणावी. येथे लोभ धरू नये. पाती कितीही खरवडली तरी नवी होत नाहीत आणि जेवढे पोलाद उडेल तेवढे यंत्राचे आयुष्य कमी होते. स्थिर पट्टी मात्र नवीच करावी. मूळ पट्ट्या आता आपल्याकडे मिळत नाहीत. परंतु ट्रकच्या पाट्याचे जे पोलाद आपले लोहार कोयत्यासाठी वापरतात, त्यातूनच उत्तम पट्टी निघते. मऊ अवस्थेत छिद्रे पाडून, पाणी देऊन, मग सरफेस ग्राइंडरवर ती सपाट करावी. ज्या बिडाच्या बैठकीवर ती बसायची तीही सपाट आहे ना हे आधी पाहावे, कारण वाकड्या बैठकीवर सरळ पट्टी आवळली म्हणजे तीही वाकडी होते.

सारे जोडल्यावर पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून दंड उलट्या दिशेने फिरवितात. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसविण्यासाठी नाना पेठेतील मोटारसामानाच्या दुकानांत मिळणारी जाडी पेस्ट येथेही चालते. ती लांब दांड्याच्या ब्रशाने लावावी. बोटांनी लावणाऱ्याची बोटे फार दिवस पुरत नाहीत. पेस्टचा घरघराट हळूहळू मऊ होतो, तेव्हा थांबून डिझेलने सर्व काही धुवावे, आणि पुन्हा धुवावे, कारण उरलेला कण बेअरिंगमध्ये शिरला की जे काम पात्यांवर केले तेच तो तेथे करू लागतो. नंतर दोन्ही बाजूंचे स्क्रू एकेक पाव फेरा फिरवीत पट्टी आणि पाती जवळ आणावीत. परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदाची. कागदाची चिंधी धारेत धरून दंड हाताने फिरवावा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि प्रत्येक पात्याशी. सर्वत्र कागद जोर न करता सरळ कापला गेला तर यंत्र झाले. धातू धातूवर कुरकुरत असेल तर ते अधिक आवळले गेले आहे, आणि अशा अवस्थेत ते कापते खरे, पण स्वतःलाही कापते. गाळ्यातील त्याच टर्नरने हे एका वाक्यात उरकले : “टच पाहिजे, दाब नको.”

रंगाविषयी माझे मत कठोर आहे. परदेशी हौशी मंडळींत, म्हणजे इंग्लंडात १९९० पासून जुन्या गवतयंत्रांचा जो क्लब आहे किंवा साउथपोर्टला जे संग्रहालय आहे त्यांच्या वर्तुळात, मूळ छटेचा हिरवा रंग आणि सोनेरी रेघा यांवर चर्चा झडतात. त्या ज्याच्या त्याच्या जागी शोभतात. आपल्याकडे मात्र दुरुस्ती म्हणजे रंग असा समज झाला आहे, आणि जुन्या बाजारात चकचकीत लाल-हिरवे करून ठेवलेल्या यंत्रांची पाती पाहावीत तर त्यांवरही तोच रंग असतो. पावडर कोटिंगच्या मोहात पडू नये. बिडाच्या छिद्रांतील हवा भट्टीत फुगते आणि रंगावर फोड येतात. खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वर एनॅमल ब्रशाने लावावा, आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

इंजिनाच्या यंत्रांत आणखी एक आधुनिक संकट आहे. जुन्या कार्ब्युरेटरमधील तरंगता गोळा पुष्कळदा बुचाचा असे आणि त्यावर लाखेचा लेप देत. लाख मद्यार्कात विरघळते. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून आलेले असते. तेव्हा सोलापूर-कोल्हापूरचा ऊस धायरीतील इंग्रजी इंजिनाचा गोळा बुडवितो असा हा योग आहे. उपाय दोन : पितळी गोळा बसविणे, आणि काम संपल्यावर पेट्रोलची तोटी बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवणे. ठिणगी मिळत नसेल तर मॅग्नेटोच्या पॉइंटवरील गंज बारीक कानसेने पुसावा, आणि तरीही न मिळाल्यास कॉइल नव्याने गुंडाळून घ्यावी. याहून अधिक खोलात शिरण्याचे कारण नाही. इंजिनाचे दुखणे पुण्यात कोणीही काढतो, धारेचे मात्र नाही.

आता ज्या गवतासाठी हा खटाटोप, त्याचा विचार. पुण्याच्या हिरवळीचा खरा आधार हरळी, म्हणजे गणपतीला आपण वाहतो त्याच दूर्वा. ती उन्हाला दाद देत नाही, तुडविली तरी पुन्हा उठते, आणि दिवाळी पहाटेच्या गर्दीने सारसबागेत बसून गेल्यावर तेथील हिरवळ जी सावरते, ती गवताच्या याच स्वभावामुळे. सहा पात्यांचे यंत्र एका मीटरच्या चालीत अकरा फेरे घेत असेल तर मीटरला ६६ काप पडतात, म्हणजे दर पंधरा मिलिमीटरला एक. त्याच यंत्राने गवत पाच मिलिमीटरवर कापू गेल्यास दोन कापांमधली उंचवटी दिसू लागते आणि हिरवळीवर लाटा उठतात. म्हणून घरच्या हरळीसाठी अर्धा ते एक इंच उंची पुरे. क्रिकेटच्या खेळपट्टीची बरोबरी करू नये, तेथील यंत्राला पाती दुप्पट असतात.

जून ते सप्टेंबर हरळी झपाट्याने वाढते, आणि हा काळ आळशी मालकाच्या परीक्षेचा. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये हा नियम मोडला की गवत मुळापाशी पिवळे पडते; शिवाय उंच गवत हे यंत्र कापीतच नाही, पुढच्या रोलरखाली नुसते लोळविते. वाढून बसलेले गवत आधी विळ्याने उतरवावे. ओल्या मातीत यंत्र नेऊ नये, आणि कापण्यापूर्वी हिरवळीवरून एकदा झाडू फिरवावा. डेक्कनच्या मातीत खड्यांना तोटा नाही, आणि एक खडा महिन्याच्या कामाची धार दोन क्षणांत घालवितो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने वाढ मंदावते, तेव्हा यंत्र खोलून धुवावे, पात्यांना तेलाचा हात द्यावा, आणि पट्टी दंडापासून किंचित दूर करून ठेवावी. इंग्लंडात ॲटकोच्या मालकांसाठी कंपनीच्याच दुरुस्तीशाळा गावोगाव होत्या आणि हिवाळ्यात यंत्र तेथे धाडण्याची वहिवाट होती. येथे तो बंदोबस्त प्रत्येकाने आपल्यापुरता करावयाचा असतो.

पाण्याविषयी बोलल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुण्यात पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हिरवळ म्हणजे खडकवासल्याच्या पाण्यावर टाकलेली मागणी आहे. सिंहगड रस्त्यावरच, धायरीकडे येताना, २००६ मध्ये खुले झालेले पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेले आहे, आणि जपानी उद्यानांत एरवी विरळ असणारी विस्तीर्ण हिरवळ हे कोराकुएनचे वैशिष्ट्य. असे एक सार्वजनिक उद्यान हजारोंचे डोळे निववीत असेल तर त्याच्या पाण्याचा जाब कोणी विचारू नये. परंतु प्रत्येक गृहसंकुलाने माहितीपत्रकातील चित्रासाठी हिरवळ अंथरावी आणि उन्हाळ्यात तिच्यावर टँकर ओतावा, याचे समर्थन मला करता येत नाही. हरळी उन्हाळ्यात पिंगट पडली तरी मरत नाही, पहिल्या पावसात ती परत येते. ती पिंगट होऊ द्यावी. चौदा इंची हाती यंत्राने अर्ध्या तासात जेवढी जागा कापून होते तेवढीच हिरवळ एका घराने राखावी, हे प्रमाण मला न्याय्य वाटते, आणि पेटीत जमलेले गवत कचऱ्यात न टाकता जवळच्या गोठ्यात द्यावे, अट एवढीच की त्यावर कीटकनाशक मारलेले नसावे. धायरीच्या जुन्या वस्त्यांत दुभती जनावरे अजून आहेत.

तेव्हा ज्या वाचकाच्या वडिलोपार्जित बंगल्याच्या मागे असे एखादे यंत्र पडले असेल, त्याने बंगला विकसकाच्या हवाली करण्यापूर्वी ते एकदा उजेडात काढून पाहावे. बाजूचे दोन्ही साचे तडकलेले नसतील आणि पात्यांत अजून बोटाच्या नखाइतकी तरी उंची शिल्लक असेल, तर ते यंत्र चालते होऊ शकते. स्वतः दुरुस्त करण्याची उमेद नसेल तर ज्याला असेल त्याला द्यावे. पण भंगारवाल्याच्या तराजूत घालू नये.